इनागाकी-सानची 'जी'

माणूस खुर्चीत कसा बसतो यावरून मला त्याचं अर्धं आयुष्य कळतं. उरलेलं अर्धं तो स्वतःच सांगतो, कारण गळ्यापाशी वस्तरा असला की माणसाला बोलावंसं वाटतं. आमच्या या समुद्रकाठच्या गावात केस कापायचं दुकान एकच, आणि ते माझं. नवरा गेल्यापासून एकटीच चालवते. मला नावानं कुणी हाक मारत नाही. लहानथोर सगळे 'तोकोया-सान' म्हणतात, म्हणजे न्हावीणबाई. मला त्याचं वाईट वाटत नाही. नावाच्या माणसासमोर लोक जपून बोलतात, न्हावीणबाईसमोर काय वाट्टेल ते बोलतात.

तर इनागाकी कात्सुमी माझ्या खुर्चीत डाव्या कुल्ल्यावर बसायचा. उजवा अधांतरी. आयुष्यभर टॅक्सी चालवलेला माणूस. पांढरे हातमोजे, इस्त्रीची टोपी, गिऱ्हाईक उतरलं की वाकून नमस्कार. गाडीत त्याच्या सीटवर लेसचं कव्हर होतं आणि कव्हराखाली मधोमध भोक असलेली गोल उशी. ती कुणाला दिसत नाही असा त्याचा समज होता.

"इनागाकी-सान, सरळ बसा, नाहीतर एक कल्ला वर आणि एक खाली येईल."

"कमरेत उसण भरली आहे."

"दोन वर्षं झाली की त्या उसणीला."

"हट्टी आहे जरा."

मी कात्री उचलली. आमच्या जपानात संडासाचं भांडं माणसाला बघून आपोआप झाकण उघडतं, बूड शेकतं, कोमट पाण्याची धार मारतं, वर आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून झुळझुळ झऱ्याचा आवाज लावतं. बुडाची एवढी सरबराई आणखी कुठं होत असेल असं मला वाटत नाही. पण त्याच बुडाला काही झालं की मात्र सगळे मुके. मग कुणाला उसण भरते, कुणाला उष्णता होते, कुणाला 'जरा बरं नाही'.

इनागाकीला हे चांगलं ठाऊक होतं. शेजारच्या शहरात स्टेशनामागच्या गल्लीत एक दवाखाना आहे. त्याच्या पाटीवर 'गुदविकार' हा शब्द दुरूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. समोर उदोन नूडल्सचं दुकान. गेली कित्येक वर्षं आमच्या गावातली प्रतिष्ठित माणसं इनागाकीच्या टॅक्सीत बसून 'उदोनच्या दुकानापाशी सोडा' असं सांगत आली. इनागाकी वाकून नमस्कार करायचा, गाडी वळवायचा, आणि आरशात त्याला ते गृहस्थ रस्ता ओलांडताना दिसायचे. त्या दुकानात शिरताना त्यानं एकालाही बघितलं नव्हतं.

शेवटी त्याचीही वेळ आली. वेदना अशी की खड्डा दिसला की त्याला घाम फुटायचा. त्यानं घरून दवाखान्यात फोन लावला, बायको मागच्या अंगणात कपडे वाळत घालते आहे हे बघून.

आता इथं आमच्या भाषेची एक गंमत आहे. 'जी' म्हणजे अक्षर, आणि 'जी' म्हणजेच मूळव्याध. लिहायला दोन वेगळी चिन्हं, पण तोंडातून दोन्ही एकसारखीच निघतात. इनागाकी फोनवर हळू आवाजात सांगत होता, "हो, माझी जी फार बिघडली आहे. बरीच वर्षं. दुरुस्त करून घ्यावी म्हणतो. गुरुवारी सुट्टी असते मला." फोन ठेवून वळला तर दारात रिकामी टोपली घेऊन सुमिए, त्याची बायको.

"कुणाशी बोलत होता?"

इनागाकी फोनची वायर सरळ करायला लागला. सुमिएनं टोपली खाली ठेवली. म्हणाली, "अहो, तुम्ही अक्षर सुधारायच्या वर्गाला जाताय?"

"हो," इनागाकी म्हणाला. "या वयात तरी अक्षर सुधारावं म्हटलं."

"बरं केलंत. वाईटच आहे तुमचं."

ही हकीकत त्यानं मला खुर्चीत बसून सांगितली, तोंडाला फेस लावलेला असताना. डोळे मिटून सांगितली. मी विचारलं, "मग खरं का नाही सांगितलंत? बायको आहे ती तुमची." तर म्हणतो, "तोकोया-सान, आयुष्यभर मी तिच्यासमोर कधी वाकडा बसलो नाही." मी म्हटलं, माझ्यासमोर तर बसलाच आहात.

दवाखान्यातली डॉक्टर बाई निघाली, कुवाबारा म्हणून. इनागाकीला वाटलं होतं, कुणीतरी म्हातारे गृहस्थ असतील, ओठातल्या ओठात बोलतील. ही चाळिशीची, खणखणीत आवाजाची.

"तिनं भिंतीकडे तोंड करून आडवं व्हायला सांगितलं," तो मला म्हणाला, "आणि प्रश्न विचारायला लागली. दार नीट लागलेलं नव्हतं."

"काय विचारलं?"

"पाणी किती पिता? मी म्हटलं, गाडीवर असताना पीत नाही, गिऱ्हाईक बसलेलं असताना कुठं थांबणार. संडासात किती वेळ बसता? म्हटलं, पेपर वाचून संपेपर्यंत. सगळा पेपर? म्हटलं, शब्दकोड्यासकट. धुवायची धार किती जोरात ठेवता? म्हटलं, शेवटच्या आकड्यावर."

"मग?"

"म्हणाली, गाडी धुताय का?"

तर त्या बाईनं त्याची पार शाळा घेतली. पेपर बाहेर ठेवायचा. कुंथायचं नाही, आलं तर ठीक, नाही तर उठून यायचं. धार मंद, आणि थोडाच वेळ. पाणी प्यायचं, गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात. पांढऱ्या भातात बार्ली मिसळायची, समुद्रशेवाळ आणि रताळी खायची, लोणच्यावर आणि साके दारूवर हात आवरायचा. दर फेरीनंतर गाडीतून उतरून चार पावलं टाकायची. संध्याकाळी कोमट पाण्याच्या टबात बसायचं. वर मलम दिलं. हे काही कुणाला न कळणारं शास्त्र नव्हतं, पण इनागाकीला ते साठी उलटल्यावर कळलं, कारण त्याआधी विचारायची सोय नव्हती.

महिन्याभरात ठणका कमी झाला. इनागाकी माझ्या खुर्चीत दोन्ही कुल्ल्यांवर बसायला लागला. पण कुवाबारा बाईच्या कपाळावरची आठी काही सुटेना. एका गुरुवारी तिनं सांगितलं, "तुम्हाला मूळव्याध आहे, ती मी बघितली आहे. पण रक्त सगळं तिचंच आहे असं मला वाटत नाही. ते काळपट आहे. शौचाला बारीक होतं म्हणता. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय, ते मला दिसतंय. आतून बघायला हवं, दुर्बीण घालून. भुलीचं औषध देऊ, त्यामुळे त्या दिवशी गाडी चालवता येणार नाही. घरचं माणूस बरोबर आणा."

"एकट्यानं आलो तर नाही चालणार?"

"नाही. आणि फार लांबवू नका. ती वाईट गाठ असली तर ती थांबून राहत नाही."

इनागाकीला गाठीची भीती वाटली, खोटं कशाला बोलू, फार वाटली. पण घरचं माणूस आणायचं म्हणजे सुमिएला सांगायचं, याची त्याहून जास्त वाटली. पहिली तारीख त्यानं फोन करून पुढं ढकलली. कारण काय सांगितलं? अक्षराच्या वर्गाचं. दवाखान्याला. स्वतःच्या थापेत माणूस किती आत शिरू शकतो ते बघा.

इकडे सुमिए महिन्यातून एकदा माझ्याकडे चेहऱ्याची लव काढून घ्यायला येत असे. ती माझ्या खुर्चीत पाठ टेकून डोळे मिटून बोलायची.

"आमचे हे दर गुरुवारी जातात हो अक्षराला. एक खाडा नाही."

"गुरू कोण आहेत?" मी विचारलं. मला सगळं ठाऊक होतं, पण तिला काही कळतंय का ते बघायचं होतं.

"बाई आहेत म्हणे. फार कडक. आल्यावर यांचा चेहरा बघवत नाही."

"घरी सराव करतात का?"

"एकांतात करत असतील. पूर्वी संडासात तास तास बसायचे, आता लवकर येतात बाहेर. म्हणजे प्रगती आहे."

मी वस्तरा बाजूला घेतला, नाहीतर हसताना तिच्या गालाला लागला असता. तिच्या चेहऱ्यावर मात्र रेघसुद्धा हलली नाही. मला वाटलं, काय भोळी बाई आहे. तिनं त्याला चांगला ब्रश आणि शाई आणून दिली होती. ही गोष्ट ती भाजीवाल्याला, टपालवाल्याला, सगळ्या गल्लीला सांगायची. सांगितल्याशिवाय तिला चैनच पडायचं नाही.

त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. ओनोदेरा-सान म्हणून आमच्या मोहल्ला मंडळाचे अध्यक्ष आहेत, शाळेतून उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त झाले, पण घंटा वाजल्याचं त्यांना कुणी कळवलेलं नाही. एके दिवशी इनागाकी खुर्चीत होता आणि ओनोदेरा-सान बाकावर.

"इनागाकी-सान, ऐकलं की तुमची जी फार सुधारली."

इनागाकी आरशात पांढराफटक पडला. "कुणी सांगितलं?"

"तुमच्या मिसेसनी. अख्ख्या गावाला माहीत आहे. लाजताय काय एवढे? आम्हालाही दाखवा एकदा."

"दाखवू?"

"चारचौघांत दाखवा. देवळाचं छप्पर नवीन बसवलंय, त्याचा सोहळा आहे शरदात. व्यासपीठावर या, मोठ्या कापडावर ती काढा, सगळे बघतील. भिक्षूंशी बोललोय मी. त्यांना आनंदच आहे."

मी पाठ फिरवून टॉवेल धुवायला घेतला. हसू दाबायचं तर नळ मोठा सोडावाच लागतो. ओनोदेरा-सानना 'नाही' म्हटल्याचं गावात कुणाच्या आठवणीत नाही. इनागाकी म्हणाला, "प्रयत्न करतो."

मग दुसरी तारीख गेली, कारण त्या दिवशी ओनोदेरा-साननी रंगीत तालीम ठेवली होती. कुवाबारा बाईनं तिसरी तारीख दिली, सोहळ्याच्या दुसऱ्याच दिवशीची, सोमवारची. म्हणाली, "ही चुकवलीत तर मी स्वतः तुमच्या घरी येईन." इनागाकी मला म्हणाला, "ती येईल हो. पाटी घेऊन येईल." पट्ट्याला तोवर दुसरं भोक पडलं होतं. मी त्याला म्हटलं, "तुम्ही मेलात तर मयताच्या विधीला काय सांगायचं? अक्षर वाईट होतं म्हणून गेले?" मला त्याचा मनस्वी राग येत होता आणि त्याच्या मानेची हाडं कंगव्याला लागत होती.

सोहळ्याच्या दिवशी सगळा गाव देवळाच्या अंगणात. पुढच्या रांगेत सुमिए, निळ्या किमोनोत, सकाळीच मी तिचा चेहरा करून दिलेला. व्यासपीठावर कापड अंथरलेलं, शाईची बादली आणि केरसुणीएवढा ब्रश. लिहायचं होतं एकच अक्षर, 'देऊळ'; आमच्याकडे एका अक्षराचा अख्खा शब्द होतो. ओनोदेरा-साननी भाषण केलं, त्यात चिकाटी हा शब्द फार वेळा आला.

इनागाकी ब्रश घेऊन कापडावर उभा राहिला. मग खाली उजव्या कोपऱ्यात त्यानं अक्षर काढलं. बुटकं, कलंडलेलं, कोपऱ्यात कोंबलेलं. वरची आणि डावीकडची सगळी जागा मोकळी. लोक एकमेकांकडे बघायला लागले. ओनोदेरा-सान हळूच म्हणाले, "ही आधुनिक शैली असावी." आणि त्यांनी टाळी वाजवायला हात उचलले.

इनागाकीनं ब्रश पुन्हा शाईत बुडवला.

त्यानं मोकळ्या जागेत वरून एक छत घातलं, डावीकडून एक लांब रेघ खाली ओढली, तिच्या बाजूला दोन फटकारे मारले. आमच्याकडे हे छत कुठल्याही अक्षरावर घातलं की त्याचा आजार होतो. आणि आजाराच्या छताखाली देऊळ बसवलं की तयार होणारं अक्षर गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या कपाटात, मलमाच्या ट्यूबवर, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं असतं.

ओनोदेरा-सान कापडाकडे वाकून बघत म्हणाले, "इनागाकी-सान, हे देऊळ नाही."

"नाही. ही जी आहे," इनागाकी म्हणाला. "माझी. हीच दाखवायला जातो मी गुरुवारी." मग तो फक्त सुमिएकडे बघून बोलला. "उद्या सकाळी आतून तपासणार आहेत. घरचं माणूस लागतं बरोबर."

सुमिए उठून उभी राहिली. "किती वाजता?" तिनं विचारलं.

"नऊ."

"बरं."

बिचारे भिक्षू पुढं आले आणि म्हणाले की शरीर हेही एक देऊळच आहे, त्यामुळे अक्षर अगदीच चुकलेलं नाही. या माणसाला ऐन वेळी काहीही सुचतं, म्हणून तर त्याचं देऊळ चालतं. कापड मात्र लगेच गुंडाळून ठेवलं. चहाच्या वेळी गावातले तीन प्रतिष्ठित गृहस्थ एकेक करून इनागाकीजवळ आले आणि स्टेशनामागचं ते उदोनचं दुकान गुरुवारी उघडं असतं का म्हणून चौकशी करून गेले. त्यांत ओनोदेरा-सान एक.

सोमवारी त्या दोघांना माझ्या गाडीतून मीच घेऊन गेले, कारण सुमिएला गाडी येत नाही. इनागाकी पहाटेपासून ते पोट साफ करायचं औषध पीत होता, मडकंभर. चेहरा उतरलेला. वाटेत दोनदा थांबावं लागलं आणि दोन्ही वेळा त्यानं माझी माफी मागितली. मी म्हटलं, माफी मागू नका, पळा.

त्याला आत नेलं. आम्ही दोघी बाहेर बाकावर. मग सुमिएला बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा हातातली पिशवी छातीशी धरलेली होती. माझ्या शेजारी बसली.

"गाठ आहे," ती म्हणाली. "मूळव्याधीच्या बरीच वर, आत. मोठ्या इस्पितळात पोट उघडून तेवढं आतडं कापावं लागेल. डॉक्टर म्हणाल्या, निघेल, बहुतेक पसरलेली नाही. नीट होतील."

"चांगलं आहे मग," मी म्हटलं.

"तीन वर्षांपूर्वी आले असते तर ती वाटाण्याएवढी असती म्हणाल्या. याच दुर्बिणीतून खुडून काढली असती, आणि संध्याकाळी घरी." तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "तीन वर्षांपूर्वीच रक्त यायला लागलं, तोकोया-सान."

"त्यांनी कधी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? त्यांचे कपडे कोण धुतं?"

मी एवढी वर्षं दुसऱ्यांच्या डोक्यातलं ओळखायच्या बढाया मारते.

"गरम पाण्यात रक्ताचा डाग पक्का बसतो," ती सांगत होती. "म्हणून मशीनमध्ये टाकायच्या आधी मी गार पाण्यात हातानं चोळायची. त्यांना कळू नये की मला कळलंय. त्यांना लाज वाटली असती. मग तो फोन ऐकला, तर मनात म्हटलं, जाताहेत डॉक्टरकडे, सुटलो. अक्षराचं मीच सुचवलं, बघ. म्हटलं, गावभर सांगून ठेवते, म्हणजे दर गुरुवारी मान वर करून जातील. घरचं माणूस लागतं हे मला कुठं ठाऊक होतं? मी वाट बघत होते, कधीतरी विचारतील म्हणून."

मला तिला जवळही घ्यावंसं वाटलं आणि तिला एक ठेवूनही द्यावीशी वाटली. आमच्या गावात सगळे एकमेकांची लाज इतकी सांभाळतात की माणूस सांभाळायचा राहून जातो.

थोड्या वेळानं नर्सनं इनागाकीला आणून आमच्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. भूल अजून पुरती उतरलेली नव्हती. सुमिए उठून त्याच्यासमोर उभी राहिली आणि खोलीत बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"आतड्यात गाठ आहे. कापायची आहे. आणि ऐका, मला रक्ताचं तीन वर्षं माहीत होतं."

खोलीतले सगळे आपापल्या मासिकात शिरले. इनागाकीनं मान हलवली.

"मलाही माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तुला माहीत आहे ते." त्याची जीभ अजून जड होती. "हिवाळ्यात तुझे हात फुटायचे. घरात मशीन असताना."